मूळ नक्षत्राच्या मागे

मूळ नक्षत्र म्हटलं की आपल्याकडे आधी आठवते ती शांती. बाळ मुळावर जन्मलं की भटजींना बोलावणं जातं, आणि पुढे कित्येक वर्षं घरात कुणाला साधी ठेच लागली तरी नजरा त्या बाळाकडे वळतात. 'मुळावर येणे' हा वाक्प्रचार आपण मराठीच्या तासाला शिकवतो, अर्थ फळ्यावर लिहितो, वाक्यात उपयोग करून घेतो. तो वाक्प्रचार नक्षत्रावरून आला की झाडाच्या मुळावरून, हा वाद बाजूला ठेवू. पण तो ऐकून वर्गातलं एखादं मूल मान खाली घालतं, एवढं मी पाहिलं आहे.

माझ्या वर्गात अशी एक मुलगी आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ती आठ महिन्यांची असताना तिचे वडील गेले. पहिल्याच पालकसभेला आजी आली आणि सही करता करता अगदी सहज म्हणाली, "बाई, आमचा चेडू मुळार जन्माक इला हा." एखाद्या मुलाला चष्मा आहे किंवा एखाद्याला शेंगदाणे चालत नाहीत, हे पालक जसं सांगून ठेवतात ना, अगदी तसं. आजी वाईट नाही. रोज सकाळी नातीची वेणी तीच घालते, शाळेच्या फाटकापर्यंत सोडायलाही तीच येते. पण मुलगी बाजूलाच उभी होती, आणि हे वाक्य ती काही पहिल्यांदा ऐकत नव्हती.

पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ आहे. तिथून आपण आकाशगंगेपर्यंत एखाद-दुसऱ्या वाक्यात पोचतो आणि पुढच्या पाठाला लागतो. मी मात्र यंदा आकाशगंगेपाशी आठ दिवस थांबले. कारण आपल्या आकाशगंगेचा मध्य नेमका मूळ नक्षत्राच्या दिशेला आहे.

आधी जागा सांगते. वृश्चिक ही आकाशातली अशी रास आहे की जिच्यात नावाप्रमाणे विंचू खरोखर दिसतो. डोक्याकडे अनुराधा, मग लालसर ज्येष्ठा, आणि खाली वळलेली नांगी म्हणजे मूळ. दक्षिणेकडे तोंड करून हात लांब करा आणि मूठ धरा. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुलांची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब जवळपास तोच राहतो. नांगीच्या टोकापासून एका मुठीपेक्षा थोडं कमी वर आणि किंचित डावीकडे गेलं की ती जागा. पंचांगात क्रांतिवृत्ताचे सत्तावीस समान भाग केलेले असतात, त्या हिशेबानेही ती मूळ नक्षत्रातच येते. म्हणून पूर्वजांना आकाशगंगेचा मध्य ठाऊक होता, असं मात्र कृपया वर्गात सांगू नका. तो मध्य डोळ्यांना दिसतच नाही, का ते पुढे येईलच.

'मूळ नक्षत्र आहे' म्हणजे काय, तर त्या वेळी चंद्र आपल्याला त्या दिशेला दिसतो. बस्स. चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत सगळी नक्षत्रं फिरतो, म्हणजे प्रत्येक नक्षत्रात साधारण एक दिवस. तेव्हा सत्तावीसात एक मूल मुळावर जन्मणारच. आपल्या शाळेच्या पटाला सत्तावीसने भागा, म्हणजे तुमच्या शाळेत अशी किती मुलं असतील याचा अंदाज येईल. हे गणित मी वर्गात घातलं. चंद्राचा प्रकाश आपल्याकडे सव्वा सेकंदात येतो, मूळ नक्षत्रातल्या ताऱ्यांचा यायला शेकडो वर्षं लागतात आणि आकाशगंगेच्या मध्यापासून यायला २६ हजारांहून जास्त वर्षं. एकाच दिशेला दिसतात एवढंच. एकमेकांशी त्यांचा संबंध देवगडच्या बंदरातली होडी आणि तिच्यामागे क्षितिजावर मावळणारा सूर्य यांच्यात असेल तेवढाच.

पत्रिकेचं म्हणाल, तर आपल्याच महाराष्ट्रात त्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी पुण्यातल्या सहकाऱ्यांसह २००८ मध्ये ती घेतली. २०० मुलांच्या पत्रिका, त्यात शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक वाढ कमी असलेली मुलं. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका देऊन ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर पन्नासच्या आसपास आली असती. पालकसभेत वाद न घालता नुसता हा आकडा सांगितला तरी पुरतो, असा माझा अनुभव.

पण नुसतं 'हे खोटं आहे' म्हणून थांबलं तर मुलाच्या हातात काय उरतं? भीती काढून घेतली, बदल्यात काही दिलं नाही. मला तिला त्या दिशेला खरोखर काय आहे ते दाखवायचं होतं.

तर तिथे ताऱ्यांची एक दाट वस्ती आहे. तिला आपण केंद्रीय तारकागुच्छ म्हणू. वस्तुमान सुमारे अडीच कोटी सूर्यांइतकं, आणि त्यातलं निम्मं साधारण १५ प्रकाशवर्षं त्रिज्येच्या गोळ्यात. मधोमध एक कृष्णविवर, सुमारे ४३ लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचं. त्याच्याभोवती १६ वर्षांत एक फेरी मारणाऱ्या ताऱ्याचा माग काढून ते वजन काढलं आणि त्याबद्दल २०२० मध्ये राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना नोबेल मिळालं. कृष्णविवराची बातमी सगळीकडे येते. त्याच्याभोवतीच्या या गर्दीची येत नाही, आणि मला तर गर्दीच जास्त गमतीची वाटते.

'दाट' म्हणजे किती, हे दाखवायला आम्ही तांदूळ वापरले. सूर्यापासून सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याभोवती याहून किंचित मोठ्या त्रिज्येचा गोळा कल्पिला तर त्यात तारे किती? सूर्य धरून चार. फरशीवर चार दाणे ठेवले. आता तेवढाच गोळा आकाशगंगेच्या मध्याभोवती कल्पिला तर त्यात दहा लाखांच्या वर तारे बसतात. दहा लाख दाणे कोण मोजणार? मुलांनी गटागटाने हजार दाणे मोजले आणि काट्यावर ठेवले. आमच्या पोषण आहाराच्या तांदळाचे हजार दाणे वीस ग्रॅमच्या जवळपास भरले. म्हणजे दहा लाखांचे वीस किलो. एका बाजूला चार दाणे आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ अर्धं पोतं, जागा तेवढीच! स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "मोजून झाले काय परत हंय घाला. उद्याच्या खिचडीक व्हये." एका मुलाने विचारलं, तिथे रात्र होते का? तिथे एखादा ग्रह असलाच तर त्याची एक बाजू त्याच्या सूर्याकडे पाठ करेल खरी, पण ती रात्र आपल्यासारखी काळोखी नसेल.

मग एवढं सगळं आपल्याला दिसत का नाही? आपण आकाशगंगेच्या चकतीतच बसलो आहोत आणि मधे धुळीचे पट्टेच्या पट्टे आहेत. तिथून निघालेला साधा प्रकाश वाटेत जवळजवळ संपूनच जातो. शिमग्याच्या धुळवडीत समोरचा माणूस दिसत नाही पण ढोल ऐकू येतो, तसं थोडंसं. अवरक्त किरण आणि रेडिओ लहरी धुळीतून पार होतात. १९३० च्या दशकात कार्ल जान्स्कीला या दिशेकडून येणारी रेडिओ खरखर पहिल्यांदा ऐकू आली, आणि १९६८ मध्ये बेकलिन आणि नॉयगेबाउअर यांनी अवरक्त किरणांत तिथली ताऱ्यांची दाटी मोजली. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी दुर्बीणही याच दिशेला वळलेली आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, जाळीच्या. त्यांच्या निरीक्षणांतून मध्यावरच्या कृष्णविवराजवळून येणाऱ्या कमी वारंवारतेच्या लहरी २००४ मध्ये नोंदवल्या गेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांसाठी प्रदर्शन असतं. सिंधुदुर्गातून लांब पडतं, पण जुन्नर, मंचर, संगमनेरकडच्या शिक्षकांनी चुकवू नये.

तांदळाच्या तासाला ती मुलगी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. हात वर केला नाही. तास संपल्यावर टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, थंय येवढे तारे खंयसून इले? का थंयच जन्मले?"

मंडळी, हा प्रश्न जसाच्या तसा खगोलशास्त्रज्ञांचा आहे. गेली पन्नास वर्षं ते हेच विचारत आले आहेत आणि दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत.

पहिली बाजू, बाहेरून आले. दीर्घिकेच्या अंगणात गोलाकार तारकागुच्छ फिरत असतात. एकेकात हजारो, लाखो तारे, घट्ट बांधलेले. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेहून जास्त गुच्छ माहीत आहेत. यातले काही गुच्छ हळूहळू मध्याकडे ओढले गेले आणि तिथे एकमेकांत मिसळले, असं हे मत. ट्रेमेन, ऑस्ट्रायकर आणि स्पिट्झर यांनी १९७५ मध्ये देवयानी दीर्घिकेचा मध्य समजावताना ते मांडलं. पण फिरणारी वस्तू फिरत राहायची सोडून आत का यावी? याचं उत्तर त्याच्याही आधी, १९४३ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दिलं होतं. तेच चंद्रशेखर, १९८३ चं नोबेल मिळालेले. त्यांनी त्याला गतिक घर्षण म्हटलं.

नाव अवघड आहे, गोष्ट नाही. कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला गावोगावच्या देवस्वाऱ्या येतात, हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही. गर्दीतून पालखी चालली की दोन्ही बाजूंची माणसं तिच्याकडे सरकतात. पण ती सरकून जवळ येईपर्यंत पालखी पुढे गेलेली असते, त्यामुळे गर्दी दाटते ती पालखीच्या मागे. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारा जड गुच्छ आजूबाजूच्या ताऱ्यांना गुरुत्वाने असाच ओढतो, ते त्याच्या मागे दाटतात, आणि मग ती मागची दाटी त्याला मागे ओढते. कुणी कुणाला घासत नाही, आपटत नाही. तरी वेग कमी होतो. मैदानावर आम्ही हा खेळ केला. दोन मुलं पालखी झाली, त्यांच्या कमरेला मागे लोंबणाऱ्या दोऱ्या बांधल्या. बाकीची विखरून उभी राहिली. पालखी जवळून गेली की दोरी पकडायची आणि हळू मागे खेचायची. सुरुवातीला पळणारी पालखी अर्ध्या मैदानात रडतखडत चालू लागली.

वेग कमी झाल्यावर ती मध्याशीच का जाते, त्यासाठी घमेलं. घमेल्याच्या कडेने गोटी जोरात फिरवा. वेग असतो तोवर ती कडेने गोल फिरते, वेग गेला की गोल गोल उतरत तळाशी. दीर्घिकेचा मध्य म्हणजे तो तळ. गोटी पत्र्याला घासून थांबते आणि गुच्छ मागच्या ओढीने मंदावतो, हा फरक मुलांना आवर्जून सांगा, नाहीतर अवकाशात पत्रा शोधत बसतील. आणि एक. पालखी जितकी जड, तितकी मागे गर्दी जास्त, म्हणून जड गुच्छ लवकर आत येतात, हलके कितीतरी काळ बाहेरच फिरत राहतात.

दुसरी बाजू, तिथेच जन्मले. दीर्घिकेत ताऱ्यांखेरीज वायू असतो. तारे एकमेकांवर आदळत नाहीत म्हटलं तरी चालेल, इतकी मधे जागा असते. पण वायूचे ढग आदळतात, आदळले की त्यांची फिरण्याची गती कमी होते आणि ते आत घसरतात. पावसाळ्यात सड्यावरचं पाणी व्हाळाव्हाळांनी येऊन खोलगट जागी साचतं, तसा वायू मध्यात साचतो, दाटतो, थंड होतो आणि त्याचे तारे होतात. आपल्याच मध्यात याचा पुरावा आहे. कृष्णविवरापासून दीड-दोन प्रकाशवर्षांच्या आत ४० ते ६० लाख वर्षं वयाचे तरुण, झगझगीत तारे सापडले आहेत. ताऱ्यांच्या हिशेबात हे कालपरवा जन्मलेलं बाळ. इतक्या थोड्या काळात बाहेरून वाहत येणं अवघडच. त्यातले बरेच एकाच चकतीत फिरतात, म्हणजे ज्या वायूच्या चकतीतून ते झाले तिची खूण अजून शिल्लक आहे.

मग कुठला तारा बाहेरचा आणि कुठला तिथला, हे ओळखायचं कसं? जत्रेत डोंगरावरून पाहिलं तर सगळी गर्दी सारखीच दिसते. खाली उतरून एकेकाला 'गाव खंयचा?' विचारलं की कळतं. ताऱ्याला गाव विचारायचं म्हणजे त्याचा प्रकाश लोलकातून पाहावा तसा पसरवायचा आणि त्यात लोखंडासारखी जड मूलद्रव्यं किती आहेत ते मोजायचं. विश्वात सुरुवातीला जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियमच होता. लोखंड, कॅल्शियम हे पुढे ताऱ्यांच्या पोटात शिजलं, ते तारे फुटल्यावर बाहेर पडलं आणि पुढच्या ताऱ्यांत गेलं. गोलाकार गुच्छ फार जुने, बहुतेक दहा अब्ज वर्षांहून जुने, म्हणून त्यांच्यात लोखंड कमी. दीर्घिकेच्या गजबजलेल्या मध्यात पिढ्यान् पिढ्या तारे जन्मले आणि फुटले, म्हणून तिथे जन्मलेल्यांत जास्त.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील नेपाळहून हापूसच्या कलमांच्या राखणीला आले. तो माझ्याहून ठसकेबाज मालवणी बोलतो. माणसाची बोली चार पावसाळ्यांत बदलते. ताऱ्याच्या अंगावरचं लोखंड तसं बदलत नाही. जत्रेचं उदाहरण इथे तुटतं, आणि ते तुटतं हे मुलांना सांगायला हवं. मी सांगितलं, तेव्हा तो मुलगा एवढंच म्हणाला, "मगे तारो बरो नाय, बाई."

मोजल्यावर काय निघालं? आपल्या मध्यातले बहुसंख्य तारे पाच अब्ज वर्षांहून जुने आहेत, आणि बहुतेकांत जड मूलद्रव्यं भरपूर, सूर्यापेक्षाही जास्त. म्हणजे मध्यातल्याच वायूतून झालेल्यांचं पारडं जड. पण थोडे तारे लोखंडाने गरीब आहेत, आणि ते एखाद्या आत आलेल्या गुच्छाचे असावेत असं मानतात. लहान दीर्घिकांत उलट दिसतं. तिथे बाहेरून आलेल्या गुच्छांचा वाटा मोठा असतो, मोठ्यांत तिथेच झालेल्या ताऱ्यांचा. आणि सर्वांत अवाढव्य दीर्घिकांत असा गुच्छ बऱ्याचदा नसतोच! दोन दीर्घिका एक झाल्या की त्यांची दोन राक्षसी कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात आणि आसपासचे तारे भिरकावून देतात, हे त्याचं एक कारण. 'आधी कृष्णविवर का आधी गुच्छ?' असंही एकाने विचारलं. त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ दीर्घिकेत गुच्छ आहे, पण मोठं कृष्णविवर सापडलेलं नाही. तेव्हा निदान कृष्णविवराशिवाय गुच्छ होऊ शकतो, एवढं नक्की.

इथवर सगळं ऐकीव आणि तांदळावरचं. पालकांना मला आवर्जून सांगायचंय ते पुढचं आहे, कारण ते जामसंड्याच्या सड्यावरून डोळ्यांनी दिसतं.

आपल्या आकाशगंगेचा केंद्रीय गुच्छ धुळीआड आहे. पण दुसऱ्या एका दीर्घिकेचा, बहुधा, आपल्या अंगणात येऊन पडलेला आहे. नाव ओमेगा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहात. १६०३ मध्ये बायरने ताऱ्यांना अक्षरं दिली तेव्हा हा साधा तारा समजून त्याला ओमेगा हे अक्षर मिळालं. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहताना एडमंड हॅलीने त्याची नोंद ताऱ्यापेक्षा वेगळी, धूसर वस्तू म्हणून केली. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं, तारे सुमारे एक कोटी. इतर गोलाकार गुच्छांतले तारे साधारण एका पिढीचे असतात. इथे मात्र वेगवेगळ्या वयांचे आणि वेगवेगळ्या लोखंडाचे तारे एकत्र आहेत. म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ मानतात की हा एका लहान दीर्घिकेचा मध्य. आकाशगंगेने त्या दीर्घिकेला ओढून घेतलं, तिचे बाहेरचे तारे सोलून काढले आणि घट्ट बाठा तेवढा उरला. आंब्याच्या गावात याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. गाया उपग्रहाच्या नोंदींतून २०१९ मध्ये त्याच्यापासून सांडत गेलेल्या ताऱ्यांची ओळही सापडली. २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या चित्रांतून त्याच्या मध्यावर सात तारे भलत्याच वेगाने पळताना दिसले. त्यांना धरून ठेवायला तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर हवं.

पुणे-मुंबईपेक्षा आम्ही दक्षिणेला आहोत, त्यामुळे तो इथे थोडा वर चढतो. आमच्याकडून क्षितिजापासून अडीच मुठींवर. सापडवायला सोपा, कारण तो चित्रा नक्षत्राच्या सरळ खाली असतो. चित्रा बरोबर दक्षिणेला आली की तिच्यापासून खाली साडेतीन मुठी मोजा. मेच्या सुरुवातीला ही वेळ रात्री साडेअकराच्या आसपास येते, मध्यावर साडेदहा, आणि महिनाअखेर साडेनऊ. पण तोवर ढग आलेले असतात. अमावास्येच्या आगेमागे जा, गावातले दिवे पाठीशी घ्या, दहा-पंधरा मिनिटं मोबाईल बघू नका. नुसत्या डोळ्यांना एक मंद, थोडासा पसरट ठिपका दिसतो. साध्या दुर्बिणीतून, पक्षी बघायला वापरतात तसल्या, गोळा दिसतो.

सुट्टीत मुलं मामाच्या गावाला पांगलेली, तरी आठ-नऊ जण सड्यावर आले. ती मुलगी आली, आणि रात्रीची एकटी कशी सोडायची म्हणून आजीही आली. मी मूळ, शांती यातलं काही बोलले नाही. तशी गरजही पडली नाही. मुठी मोजून तो ठिपका मुलीने शोधला आणि आजीला दुर्बीण धरून दिली. आजी बराच वेळ बघत होती. "पिठाची चिमूट कशी दिसता," म्हणाली. मग नातीने तिला सांगायला सुरुवात केली: त्या चिमटीत एक कोटी सूर्य आहेत, ते दुसऱ्या दीर्घिकेतून आले, आणि मुळाच्या मागे अशीच याहून मोठी चिमूट आहे, पण मधे धूळ आहे. पालखीही सांगितली. मी मधे पडले नाही. ती एका दमात एवढं बोलताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. आजीने शेवटी विचारलं ते एवढंच, "आणि मुळाचा कधी दिसतला?"

मेमध्ये विंचवाची नांगी रात्री उशिरा वर येते, तोवर मुलांना झोप आवरत नाही. पुढे चार महिने पाऊस. तेव्हा ऑक्टोबर. पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी साडेसातला नांगी नैऋत्येला, क्षितिजापासून अडीच-तीन मुठींवर असते. शोधायला आणखी एक सोय आहे. नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचं आवाहन करतात, तो दिवस पंचांगात छापलेला असतो. त्या दिवशी चंद्र मुळात, म्हणजे सप्तमीच्या आसपासचा अर्धा चंद्र आकाशगंगेच्या मध्यापासून मूठ-दीड मूठ अंतरातच असतो. आमच्या शाळेत त्या दिवशी सकाळी पूजेची तयारी आणि संध्याकाळी साडेसातला मैदानावर जमायचं ठरलं आहे. पाऊस गेला असला तर.